इमेज बिल्ड कुठे चालवायचा? लॅपटॉपपासून रिमोट बिल्डकिटपर्यंत सगळं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

लॉगमधल्या एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं, तेवढं नीट केलं, पुश केलं, आणि इमेज, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान बांधलेलं गाठोडं, तयार व्हायला १९ मिनिटं लागली. पुढच्या वेळी घड्याळ लावून बसलो. त्या १९ मिनिटांत माझ्या बदलाचं खरं काम होतं साधारण ४० सेकंदांचं, बाकी सगळा वेळ मशीन काल जे केलं तेच आज परत करत बसलं होतं, तीच बेस इमेज उतरवा, तीच पॅकेजेस टाका, तेच कंपाइल करा. तिथून माझं हे वेड सुरू झालं. गेल्या काही वर्षांत कंटेनर इमेज बिल्ड करायच्या जवळजवळ सगळ्या जागा आणि बरीचशी टूल्स वापरून झाली, काही हौसेने, काही गळ्यात पडली म्हणून, त्याचा हा रिव्ह्यू. लांबलाय, आधीच सांगून ठेवतो.

लोक विचारतात कुठलं टूल सगळ्यात फास्ट. मी उलट विचारतो, तुझा कॅशे, म्हणजे आधी केलेल्या कामाचा साठा, राहतो कुठे? कारण डॉकरफाइल (इमेज कशी बनवायची त्याची पाककृती) तीच, मशीन तेच, तरी बिल्ड एकदा २० मिनिटं घेतो आणि एकदा एक मिनिट, फरक एवढाच की आधीच्या बिल्डचे लेअर, म्हणजे एकेका पायरीचे साठवलेले निकाल, हाताशी होते की नव्हते. बिल्ड मंद आहे म्हणून दुप्पट मोठं मशीन घेतलेल्या टीम मी बघितल्यात, म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. १९ चे १४ झाले फक्त, कारण निम्मा वेळ नेटवर्कवरून सामान आणण्यात जात होता, त्याला कोअर किती आहेत याचं काय सोयरसुतक.

तर पहिली जागा, आपला स्वतःचा लॅपटॉप. हसू नका. कॅशेच्या हिशेबाने लॅपटॉपइतकी सुखाची जागा दुसरी नाही, डिस्क तिथेच, लेअर तिथेच, दुसऱ्यांदा बिल्ड केला की सगळीकडे कॅश्ड कॅश्ड लिहून येतं आणि काम खलास. २०१३ मध्ये डॉकर, म्हणजे इमेज बनवायचं आणि चालवायचं टूल, बाहेर आलं तेव्हापासून लोक याच सुखाला भुललेत. पण लॅपटॉपवरून प्रॉडक्शनची इमेज पुश करणारा माणूस सुट्टीवर गेला की काय होतं ते एकदा अनुभवलंय. त्याच्या मशीनवर कमिट न केलेली एक कॉन्फिग फाइल होती, ती प्रत्येक इमेजमध्ये जात होती, आणि कोणालाच माहीत नव्हतं. त्याने सोडून बाकी कोणीही बिल्ड केला की ॲप उठायचंच नाही. दोन दिवस गेले शोधण्यात. तेव्हा लॅपटॉप शिकायला आणि डॉकरफाइल घासायला उत्तम, बाहेर पाठवायच्या इमेजसाठी नको म्हणजे नकोच. आणि हो, डॉकरइग्नोर फाइल लिहा राव, गिटचा अख्खा इतिहास आणि नोड मॉड्यूल्सचं गाठोडं प्रत्येक बिल्डला कॉन्टेक्स्टमध्ये (बिल्डला दिलेल्या फाइल्समध्ये) कशाला पाठवायचं.

मग येतो भाड्याचा सीआय रनर, म्हणजे कोड पुश झाला की आपोआप बिल्ड चालवणारं मशीन, गिटहब ॲक्शन्स म्हणा, गिटलॅब म्हणा. इथे प्रत्येक जॉबला नवं कोरं मशीन मिळतं आणि काम झालं की ते फेकून दिलं जातं. स्वच्छतेच्या बाबतीत शंभरपैकी शंभर. पण कॅशेच्या बाबतीत रोज पहिले पाढे पंचावन्न, कारण लेअर ज्या डिस्कवर होते ती डिस्कच गेली. म्हणजे लॅपटॉपवर जे फुकटात मिळत होतं ते इथे तुम्हाला हाताने बांधावं लागतं, आणि घोडं पेंड खातं ते इथेच.

हे बांधायचं तर आधी बिल्डकिट, म्हणजे डॉकरचं नवं बिल्ड इंजिन, समजून घ्या. जुना डॉकर बिल्डर डॉकरफाइल वरून खाली ओळीने चालवायचा. बिल्डकिट त्याचा ग्राफ बनवतो, जे स्टेज (डॉकरफाइलमधले टप्पे) एकमेकांवर अवलंबून नाहीत ते एकाच वेळी चालवतो, ज्या स्टेजची शेवटच्या इमेजला गरजच नाही ती करतच नाही. डॉकर १८.०९ मध्ये तो आला, पण तेव्हा एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून चालू करावा लागायचा, लिनक्सवरच्या डॉकर इंजिनात डिफॉल्ट झाला २३.० मध्ये, म्हणजे २०२३ ला. अजूनही कुठेतरी जुन्या सर्व्हरवर जुनं डॉकर चालू असतं आणि लोक म्हणतात मल्टी-स्टेज करून काही फायदा झाला नाही. आधी व्हर्जन बघा.

आता बिल्डकिटचा कॅशे बाहेर नेऊन ठेवायचे चार-पाच मार्ग आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे इनलाइन, कॅशेची माहिती इमेजच्याच आत जाते. छान वाटतं, पण तो फक्त शेवटच्या इमेजमध्ये जे लेअर आहेत तेवढेच लक्षात ठेवतो. मल्टी-स्टेज डॉकरफाइलमध्ये सगळं जड काम असतं बिल्डर स्टेजमध्ये, आणि नेमकी तीच स्टेज शेवटच्या इमेजमध्ये नसते. म्हणजे कॅशे लावलाय असं समाधान, आणि कंपाइल रोज नव्याने. मी स्वतः तीन आठवडे या समाधानात होतो. रजिस्ट्रीवर (इमेज जिथे ठेवतात तो सर्व्हर) वेगळा कॅशे ठेवायचा आणि मोड मॅक्स द्यायचा, तेव्हा कुठे मधल्या स्टेजचे लेअर पण साठवले जातात. डिफॉल्ट मोड मिन आहे हे लक्षात ठेवा, डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय पण कोण वाचतं.

गिटहबचा स्वतःचा कॅशे बॅकएंड आहे तो जोडायला सोपा, दोन ओळी. पण रेपोमागे मुळात १० जीबी जागा, आणि सात दिवस कोणी हात लावला नाही की ती एंट्री उडते. एका रेपोतून पाच सर्व्हिसच्या इमेज बनत असतील आणि तुम्ही स्कोपचं नाव वेगळं दिलं नसेल तर पाचही जण एकाच नावावर लिहितात, शेवटचा लिहिणारा जिंकतो आणि बाकी चौघांचा कॅशे गेला. यात गंमत अशी की काहीच फुटत नाही, एरर नाही, लाल रंग नाही, फक्त सगळं हळू चालतं आणि लोक म्हणतात आज गिटहब स्लो आहे का रे. शिवाय ब्रांचची भिंत असते, एका ब्रांचचा कॅशे शेजारच्या ब्रांचला दिसत नाही, डिफॉल्ट ब्रांचचा मात्र सगळ्यांना दिसतो. म्हणून मेन ब्रांचवर बिल्ड होऊन कॅशे भरला जातोय ना हे बघायचं, नाहीतर प्रत्येक फीचर ब्रांचची सुरुवात उपाशीपोटी.

रजिस्ट्रीवरचा कॅशे मला जास्त आवडतो. जागेची ओढाताण कमी, कुठल्याही सीआयमधून वाचता येतो, लॅपटॉपवरूनसुद्धा. तोटा असा की तो ओढायला आणि परत ढकलायला वेळ लागतो. मोठ्या इमेजला मी असंही बघितलंय की बिल्ड ५० सेकंदांत संपला आणि कॅशे एक्स्पोर्ट करायला चार मिनिटं, मग म्हटलं असला कॅशे काय चाटायचाय. फीचर ब्रांचवर फक्त वाचायचा आणि मेनवर लिहायचा असं केलं की बराच फरक पडतो.

आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चकवलेली गोष्ट म्हणजे कॅशे माउंट. डॉकरफाइलमध्ये रन कमांडला कॅशे प्रकारचा माउंट लावला की मेव्हन, पिप, गो, एनपीएम यांचे डाउनलोड केलेले गठ्ठे पुढच्या बिल्डला परत मिळतात, लेअर फुटला तरी. लॅपटॉपवर लावलं आणि जादू झाली, दहा मिनिटांचं काम दीड मिनिटावर. खुशीत सीआयवर टाकलं. शून्य फरक. कारण या माउंटमधलं सामान कॅशे एक्स्पोर्टमध्ये जातच नाही, रजिस्ट्री म्हणा नाहीतर गिटहब म्हणा. ते राहतं फक्त ज्या बिल्डकिटवर बिल्ड झाला त्याच्या डिस्कवर, आणि फेकून द्यायच्या रनरवर ती डिस्क राहतच नाही. म्हणजे परत फिरून तोच प्रश्न, कॅशे राहतो कुठे.

जाता जाता एक बारीक गोष्ट सांगून टाकतो. कॉपी कमांडचा कॅशे फाइलच्या आतल्या मजकुरावर आणि परमिशनसारख्या माहितीवर ठरतो, फाइल कधी बदलली ती वेळ धरत नाहीत. आमच्याकडे दोन रनरवर यूमास्क, म्हणजे नव्या फाइलला काय परमिशन मिळणार ती सेटिंग, वेगळा होता, त्यामुळे गिटने चेकआउट केलेल्या त्याच फाइल्सची परमिशन एकीकडे ६४४ आणि दुसरीकडे ६६४. मजकूर हुबेहूब, कॅशे दर वेळी मिस. हे शोधायला मला लागलेला वेळ लिहीत नाही, लाज वाटते.

आता कुबरनेटीसवाल्यांची, म्हणजे बऱ्याच मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणाऱ्यांची, कथा. रनरच पॉडमध्ये (कुबरनेटीसचा कंटेनर ठेवायचा डबा) चालतात, मग पॉडच्या आत इमेज बिल्ड कशी करणार? पूर्वी लोक सरळ होस्टचं डॉकर सॉकेट (डॉकरला हुकूम द्यायचं दार) पॉडमध्ये माउंट करायचे. चालायचं मस्त, कॅशेपण नोडवरच (क्लस्टरमधल्या मशीनवरच) राहायचा, पण ते सॉकेट ज्याच्या हातात तो त्या नोडवर रूट आहे हे समजून चाला, कोणाच्याही पुल रिक्वेस्टमधला कोड तिथे चालतोय याचा विचार करा जरा. नंतर कुबरनेटीस १.२४ मध्ये, २०२२ साली, डॉकरशिम (कुबरनेटीसला डॉकरशी जोडणारा दुवा) काढून टाकलं आणि बऱ्याच क्लस्टरमध्ये नोडवर डॉकरच उरलं नाही, त्यामुळे हा रस्ता आपोआप बंद झाला. बरंच झालं.

दुसरा प्रकार डॉकर-इन-डॉकर. त्याला प्रिव्हिलेज्ड (नोडवर जवळपास सगळे अधिकार असलेला) पॉड लागतो, म्हणजे सुरक्षेच्या टीमकडे जाऊन गयावया करा. परवानगी मिळाली तरी प्रत्येक जॉबला आतलं डॉकर नवं, कॅशे रिकामा. आणि तो कॅशेचा फोल्डर बाहेर काढून दोन डॉकर डेमनमध्ये (मागे सतत चालणारे डॉकरचे प्रोग्राम) शेअर करायचा शहाणपणा करू नका, ती जागा एकाच डेमनची असते, दोघांनी लिहिलं की वाट लागते. आम्ही केला तो शहाणपणा. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

कानिको तेव्हा देवासारखं वाटलं होतं. गूगलने २०१८ मध्ये आणलं, डेमन नको, प्रिव्हिलेज्ड नको, साध्या पॉडमध्ये डॉकरफाइल वाचून इमेज बनवून सरळ रजिस्ट्रीला ढकलायची. त्याची पद्धत पण मजेशीर, बेस इमेज स्वतःच्याच कंटेनरच्या रूट फाइलसिस्टमवर उलगडतो, एकेक कमांड चालवतो, आणि प्रत्येक कमांडनंतर सगळी फाइलसिस्टम चाळून काय बदललं ते टिपतो. छोट्या इमेजला ठीक. लाखभर फाइल्स असलेल्या नोडजेएस किंवा पायथनच्या इमेजला ते चाळणंच एवढा वेळ खातं आणि मेमरीपण. एका फटक्यात दोन आर्किटेक्चरची इमेज बनवणं त्याच्याच्याने होत नाही. आणि मुख्य म्हणजे जून २०२५ मध्ये गूगलने ती रेपो आर्काइव्ह केली, पुढे दुसऱ्यांनी फोर्क चालवलेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी कानिको सुचवणार नाही. ज्यांचं चालू आहे त्यांनी घाबरून आज रात्रीच बदलायची गरज नाही, पण कॅलेंडरमध्ये टाका.

बिल्डा म्हणजे रेड हॅटकडचं टूल, पॉडमन या डॉकरसारख्याच टूलचा बिल्ड आतून हेच वापरतो. डेमन नाही, रूटलेस (रूटच्या अधिकारांशिवाय) चालतं, डॉकरफाइल न लिहिता शेल स्क्रिप्टने इमेज बनवायची सोय आहे, मला ती मनापासून आवडली. पण दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. एक, बिल्डा थेट चालवलात तर मधले लेअर साठवणं डिफॉल्टमध्ये बंद असतं, पॉडमनमधून चालवलात तर चालू. हे ज्याला माहीत नाही तो म्हणणार बिल्डा हळू आहे. दोन, कंटेनरच्या आत रूटलेस चालवताना ओव्हरले (लेअर एकावर एक रचून दाखवणारी फाइलसिस्टम) मिळालं नाही तर तो गुपचूप व्हीएफएस स्टोरेजवर उतरतो, त्यात प्रत्येक लेअरला अख्ख्या फाइलसिस्टमची नवी प्रत, डिस्क बघता बघता भरते. लिनक्स कर्नल ५.११ पासून सामान्य यूझरला यूझर नेमस्पेसमध्ये (जिथे तो आतल्या आत रूट असतो) ओव्हरले माउंट करता येतं, म्हणून कर्नल नवा असेल तर हा त्रास टळतो, जुन्यावर फ्यूज ओव्हरले लावा.

रूटलेस बिल्डकिटचंही साधारण असंच. कागदावर सुंदर, प्रत्यक्षात नोडवर यूझर नेमस्पेस चालू आहे का, सेककॉम्प अडवतंय का, ॲपआर्मर अडवतंय का (दोघेही लिनक्सचे पहारेकरी), एकेक दार ठोठवत जायचं. उबंटू २४.०४ मध्ये साध्या प्रोग्रामना यूझर नेमस्पेस वापरायला ॲपआर्मरची आडकाठी आली, आमचे नोड अपग्रेड झाले आणि सकाळी सगळे बिल्ड पडलेले. कोणाचीच चूक नव्हती, सगळ्यांना सगळ्यांचा राग आलेला.

आता माझी आवडती जागा. एक वेगळं मशीन, त्यावर बिल्डकिट डेमन कायम चालू, जलद एसएसडी, आणि सीआयचे रनर फक्त त्याला फोन लावतात की हा बिल्ड करून दे. बिल्डएक्समध्ये (बिल्डकिट चालवायची डॉकरची कमांड) रिमोट ड्रायव्हर आहे, टीएलएस सर्टिफिकेट देऊन जोडायचं, किंवा कुबरनेटीस ड्रायव्हर वापरून डेमन क्लस्टरमध्येच ठेवायचा. यात लॅपटॉपचं सगळं सुख परत मिळतं, लेअर तिथेच, कॅशे माउंट तिथेच, काही ओढायचं ढकलायचं नाही. वर दोघांनी एकाच वेळी तीच स्टेप मागितली तर बिल्डकिट ती एकदाच चालवतो आणि दोघांना निकाल देतो, हे मी पहिल्यांदा लॉगमध्ये बघितलं तेव्हा खुर्चीतून उठून शेजारच्याला दाखवलं. आमचा तो १९ मिनिटांचा बिल्ड इथे आला १ मिनिट १० सेकंदांवर. डॉकरफाइलमध्ये एक ओळही न बदलता.

पण पाळीव जनावर आहे हे, रोज बघावं लागतं. डिस्क भरते, भरतेच. गार्बेज कलेक्शनची मर्यादा नीट लावली नाही तर एकतर डिस्क फुल्ल होऊन सगळे अडकतात, नाहीतर तो इतका साफ करतो की कॅशेच उरत नाही. आमच्याकडे पहिल्या महिन्यात दोनदा रात्री डिस्क भरली आणि रिलीजच्या वेळीच भरली. मग एकाच वेळी १५ बिल्ड आले की मेमरी संपते आणि लिनक्स कोणाला तरी मारतो, बऱ्याचदा बरोबर ज्याला मारायला नको त्यालाच, म्हणून पॅरललिझमवर लगाम घालायची सेटिंग आहे ती लावा. आणि विश्वासाचा प्रश्न, बाहेरच्या अनोळखी लोकांच्या पुल रिक्वेस्ट आणि प्रॉडक्शनचे बिल्ड एकाच डेमनवर, एकाच कॅशेत चालवू नका, कोणी कॅशेत घाण मिसळली तर ती तुमच्या रिलीजमध्ये येऊ शकते. दोन डेमन ठेवा, एक बाहेरच्यांसाठी आणि एक घरचा.

हे जनावर पाळायचं नसेल तर ते भाड्याने देणारे आहेत, डॉकर बिल्ड क्लाउड, डेपो वगैरे. आतून कल्पना हीच, बिल्डकिट कायम चालू आणि डिस्क टिकणारी, तुम्ही फक्त कमांडमध्ये बिल्डरचं नाव बदलायचं. छोट्या टीमला, ज्यांच्याकडे रात्री दोन वाजता डिस्क साफ करायला कोणी नाही, त्यांना मी हेच सांगेन, डोळे झाकून. माझी एक तक्रार, नाव घेत नाही, एका सेवेवर बिल्ड झटकन व्हायचा पण तयार इमेज सीआयच्या रनरवर टेस्टसाठी परत ओढायला एवढा वेळ की वाचवलेलं सगळं तिथे गेलं. रिमोट बिल्डमध्ये हे सगळ्यांनाच लागू आहे, इमेज तिकडे बनते, इकडे आणायची तर दीड-दोन जीबी तारेवरून येणार. इमेज बारीक करा किंवा टेस्टसुद्धा बिल्डच्या आतच एका स्टेजमध्ये चालवा. घ्यायच्या आधी तुमचा खरा, सगळ्यात घाणेरडा, मोठा बिल्ड त्यांच्या ट्रायलवर चालवून बघा, डेमोतला हॅलो वर्ल्ड सगळीकडेच फास्ट असतो.

आर्म या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचं काय? २०२० मध्ये ॲपलचे एम१ आले आणि अर्धी टीम आर्मवर गेली, सर्व्हर बरेचसे एएमडी६४ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर), मग दोन्हीसाठी इमेज हवी. बिल्डएक्सला प्लॅटफॉर्म दोन दिले की क्यूएमयू एम्युलेशनने (एका प्रोसेसरवर दुसऱ्याचं सोंग आणून) होऊन जातं, म्हणजे होतं खरं, पण कंपाइल असेल तर संपलं. आमची एक रस्टची सर्व्हिस स्वतःच्या आर्किटेक्चरवर सहा मिनिटं आणि एम्युलेशनमध्ये तासाच्या वर, शेवटी जॉबचा टाइमआउट झाला. गो किंवा तत्सम भाषा असेल तर बिल्डर स्टेजला बिल्ड प्लॅटफॉर्म लावा आणि क्रॉस-कंपाइल करा (एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी कंपाइल), मग एम्युलेशनची गरजच पडत नाही. ते जमत नसेल तर खरंखुरं आर्म मशीन घ्या, गिटहबवरही आता आर्मचे होस्टेड रनर मिळतात, दोन्हीकडे वेगवेगळा बिल्ड करून शेवटी एका मॅनिफेस्टमध्ये (दोन्ही इमेजची एकत्र यादी) जोडा. एम्युलेशन फक्त फाइल कॉपी करण्यापुरत्या इमेजला ठेवा.

डॉकरफाइलच नको असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं मला पटत चाललंय. जावासाठी जिब, मेव्हन किंवा ग्रेडलचा प्लगइन, डिपेंडन्सी वेगळ्या लेअरमध्ये, तुमचा कोड वेगळ्या, डेमन नको, सरळ रजिस्ट्रीवर. आमच्या जावावाल्यांनी हे लावलं आणि त्यांचा बिल्डचा प्रश्न मिटला, परत कधी माझ्याकडे आलेच नाहीत. फक्त इमेज लिस्टमध्ये तारीख १९७० ची दिसते, कारण तेच सोर्स तर तीच इमेज यावी म्हणून ते वेळ मुद्दाम गोठवतात, नवा माणूस घाबरतो की ही कोणाची आजोबांच्या काळातली इमेज. गोसाठी को, तेवढंच साधं. बिल्डपॅक्स म्हणजे कोड बघून डॉकरफाइलशिवाय इमेज बनवणारी टूल्स, त्यांची जुनी मुळं हेरोकूतली, त्यांचा रीबेस मला फार आवडतो, खालच्या ओएसच्या लेअरमध्ये सुरक्षेचा पॅच आला की ॲप परत न बनवता फक्त खालचे लेअर बदलून टाकायचे, शेकडो इमेज असतील तर याची किंमत कळते. पण त्यांच्या चाकोरीबाहेरचं एखादं सी लायब्ररीचं पॅकेज हवं झालं की माणूस बिल्डपॅक लिहायला बसतो, आणि मग वाटतं डॉकरफाइल काय वाईट होती. बेझल, निक्स यांच्यावर बोलत नाही, ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांना माझी गरज नाही, आणि निव्वळ इमेजसाठी कोणी ते आणू नये.

दोन-तीन खड्डे जे कुठेही बिल्ड केला तरी लागतात. डॉकर हबने, म्हणजे डॉकरच्या सार्वजनिक रजिस्ट्रीने, नोव्हेंबर २०२० मध्ये पुलवर (इमेज उतरवण्यावर) मर्यादा घातली, लॉगिन नसेल तर सहा तासांत १०० आणि ती आयपीमागे, फुकट खात्याला २००. सगळे रनर एकाच आयपीमागून बाहेर पडत असतील तर दुपारपर्यंत कोटा संपतो आणि बिल्ड बेस इमेजवरच मरतो, स्वतःचा पुल-थ्रू मिरर (एकदा उतरवलेली इमेज जवळ ठेवणारा सर्व्हर) लावा. सीक्रेट कधी बिल्ड आर्ग्युमेंटमधून देऊ नका, डॉकर हिस्टरी कमांड मारली की ते उघडं पडतं, आणि एका लेअरमध्ये टोकन टाकून पुढच्या लेअरमध्ये पुसलं तरी आधीच्या लेअरमध्ये ते तसंच असतं. सीक्रेट माउंट त्यासाठीच आहे. आणि बिल्डएक्स ०.१० नंतर रजिस्ट्रीत अननोन स्लॅश अननोन नावाची एंट्री दिसायला लागली तर हॅक झालंय समजून धावू नका, ती प्रोव्हेनन्सची माहिती आहे, इमेज कशी बनली त्याची नोंद. मी धावलो होतो.

सध्या आमच्याकडे काय चाललंय ते सांगतो. जावा जिबवर, गो कोवर, उरलेलं सगळं दोन कायम चालू बिल्डकिटवर, एक एएमडी आणि एक आर्म, बाहेरून आलेल्या पुल रिक्वेस्ट मात्र फेकून द्यायच्या रनरवर, तिथे कॅशे फक्त वाचायचा. डिस्क ७० टक्क्यांवर गेली की अलर्ट. फक्त मशीन लर्निंगवाल्यांची इमेज अजून वळत नाही, कूडासकट (जीपीयूवर काम चालवायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) जवळपास नऊ जीबी, त्यातला एक लेअर एकटाच पाच जीबीचा, तो फुटला की कुठलाही कॅशे कामाचा नाही आणि दर आठवड्याला कोणीतरी रिक्वायरमेंट्समध्ये एक ओळ वाढवून तो फोडतंच. कालच त्यांना डिपेंडन्सींची वेगळी बेस इमेज करून दिली, रविवारी रात्री एकदा बनते. आज सोमवार, सकाळी त्यातल्या एकाचा मेसेज आलाय, नवीन पॅकेज हवंय, आत्ता लगेच.